फळ्याचा राखलेला कोपरा

वाशिंदला आमच्या इमारतीमागेच वीटभट्टी पेटते. संध्याकाळी तो करपट, मातकट धूर घरात शिरतो आणि मी खिडकी लावायची सोडून तशीच उभी राहते. आज लेक ‘कम बॅक’ हा फ्रेजल व्हर्ब वाक्यात वापरत होती, म्हणजे मोबाइलमधून उतरवत होती. "अगं, स्वतःचं काहीतरी लिही की!" मी खेकसले. आवाज थेट आमच्या बाईंचा निघाला.

डोळखांबकडच्या शाळेत त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. गाइडातलं वाक्य दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. वाक्य आपल्या घरातलं हवं आणि खरं हवं, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे आमच्या इंग्रजीत म्हशी, नाचणी, म्हसा गावची जत्रा असं सगळं सुखाने नांदायचं. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी हाच ‘कम बॅक’ दिला. माझ्या बाकावरची मैत्रीण पाड्यावरची. दिवाळी झाली की तिचं अख्खं घर भट्टीवर जायचं, विटा पाडायला. ती उठली आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून आली, ‘आय विल कम बॅक फॉर शिमगा.’ एक चूक नव्हती, तरी बाईंनी बरोबरची खूण केली नाही. "खरं की खोटं, ते शिमग्याला बघू," म्हणाल्या आणि त्या कोपऱ्याला डस्टर लावायचं नाही अशी वर्गाला ताकीद दिली.

ती आली नाही तर परीक्षा बुडणार, आणि मग शाळाच सुटणार, हे आम्हाला कळत होतं. माझा तर जीव टांगणीला लागलेला. तिच्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. भांडले, चिमटेसुद्धा काढले. शिमग्याच्या आदल्या दिवशी ती वर्गाच्या दारात उभी! केसांत लाल धूळ, हातांना भेगा.

"आले ना बाई? आता तरी बरोबर करा!"

बाईंनी खूण इतकी दाबून केली की खडू मोडला.

पुढच्या दिवाळीला तिने तेच वाक्य त्याच कोपऱ्यात लिहिलं. शिमगा आला, गेला, परीक्षाही झाली. "भट्टी बदलली त्यांनी. कुठं गेले, आमाला नाय ठाव," पाड्यावरची माणसं म्हणाली. उन्हाळ्यात फळा रंगवायला माणूस आला, तेव्हा बाईंनी तेवढा कोपरा सोडायला लावला. कुणी हात लावला नाही, तरी अक्षरं फिकी होतच गेली.

"मम्मी, तूच सांग ना एक खरं वाक्य."

मी मैत्रिणीचंच सांगितलं. लेकीने लिहिलं आणि वर पाहिलं. "बरोबर आहे?"

"असू दे तसंच," मी म्हटलं. "खूण इतक्यात नको."