गाळलेलं गाव

कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं तेव्हा मी देवासच्या दफ्तरात एका अर्जाची नक्कल करत बसलो होतो. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कुणी गेल्याची बातमी, ते आपल्याकडे वाचावं लागत नाही, तरी मी वाचलं. धारचे बोहरी व्यापारी हैदरभाई यांनी आपल्या वाकड्यातिकड्या बाळबोध अक्षरांत तीनच ओळी लिहिल्या होत्या. 'वामन मास्टरसाब गुजर गए. बुखार था. भिया, आप आ जाना, कागद पड़े हैं.' कोपरा फाडण्याची रीत त्यांच्या लोकांत आहे की नाही, मला ठाऊक नाही. आमच्यासाठी त्यांनी ती पाळली. मी कार्ड दौतीखाली सरकवलं आणि राहिलेली नक्कल पुरी केली. लोक म्हणतील, काय दगड माणूस आहे! म्हणोत. हात थांबला की एका म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येईल, याची मला भीती वाटत होती. तो म्हातारा तर वामनच्याही आधी गेलेला... पण ते क्रमानं सांगतो.

वामन आणि मी धारला एका फळ्यावर शिकलो. दोघांचीही घराणी दक्षिणेतून येऊन पिढ्यान् पिढ्या दरबारच्या चाकरीत मुरलेली. माझं अक्षर चांगलं म्हणून मी देवासला धाकट्या पातीच्या दफ्तरात नक्कलनवीस झालो. वामनचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून तो मास्तर झाला, असं मी त्याला चिडवत असे. तो धारच्या शाळेत भूगोल शिकवायचा. वर्गात जगाचा एक जुना नकाशा होता, त्यात आफ्रिकेचं पोट निम्मं कोरं. मुलं विचारायची, "मास्तर, इथे कोण राहतं?" दुसऱ्या कुणी 'सिंह' म्हणून वेळ मारून नेली असती. वामनला ते जमेना. उत्तर ठाऊक नसलं की त्याला जेवण गोड लागत नसे, हे वहिनींनीही मला अनेकदा सांगितलं आहे.

आणि एके दिवशी घरात लवंगांची पुडी आली. हैदरभाईंचा भाऊ झांजीबारला असायचा. तिकडून लवंगांच्या पेट्या यायच्या, आणि पेट्यांत अस्तर म्हणून तिथलीच जुनी वर्तमानपत्रं घातलेली असायची. त्यातल्याच एका पानाची ती पुडी. वामननं पुडी सोडली, लवंगा जमिनीवर सांडल्या आणि हा गृहस्थ तिथेच उकिडवा बसून पान वाचू लागला. पुढच्या सुट्टीत मी गेलो तर दारातच मला धरलं.

"बापू, ऐक तो सही! तिथे कुणीतरी संपादकाला तक्रार लिहिली आहे. आमच्या गल्लीत पाणी येत नाही म्हणून!"

"मग?"

"मग काय? पोरांना मी काय शिकवून राहिलोय, की तिथे नुसतं जंगल आहे! अरे, जिथे माणूस पाण्यासाठी पेपरात भांडतो, तिथे आपल्यासारखंच सगळं असणार."

त्या दिवसापासून वामन हैदरभाईंच्या दुकानाला चिकटला. पेट्या फुटायच्या त्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या हजर. पानं सरळ करायची, उन्हात वाळवायची, जुळवून शिवायची. वहिनी म्हणायच्या, "घरातल्या पांघरुणांनासुद्धा लवंगेचा वास येतो हो, भावजी." इंग्रजी मजकूर वामन स्वतः वाचायचा, गुजराती हैदरभाई सांगायचे. पण काही रकान्यांत अक्षरं अरबी आणि बोली भलतीच. हैदरभाई ती खडाखडा वाचत, कारण बोहरी लोक आपली गुजरातीही त्याच अक्षरांत लिहितात. पण अर्थ विचारला की हात झटकत. "मास्टरसाब, अक्षर तो हमारे हैं, बोली हमारी नी है."

ती बोली कळणारा माणूस दुकानातच, पोत्याला टेकून लवंगा निवडत बसलेला होता. मबरूकचाचा. गाव त्याला हबशीबाबा म्हणायचं. लहानपणी त्याला गावातून पकडून समुद्रावर आणलं, तिथून झांजीबारला विकलं. हैदरभाईंचे वडील तिकडचा व्यापार हैदरभाईंच्या भावावर सोपवून परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर तो धारला आला आणि इथेच म्हातारा झाला. त्याला अक्षरओळख नव्हती. मग बैठक अशी बसायची: हैदरभाई न कळता मोठ्यानं वाचणार, मबरूकचाचा ऐकून मोडक्या हिंदीत अर्थ सांगणार, आणि वामन आधी बाळबोधीत तो आवाज उतरवून त्याच्याखाली मराठी लिहिणार. तिघं मिळून एक वाचणारा! मी हसायचो. पण एकदा त्यांच्यात जाऊन बसलो आणि हसू आपोआप थांबलं. बातमीला त्या बोलीत 'हबारी' म्हणतात, हे कळलं तेव्हा वामननं मांडीवर थाप मारली होती. "आपली खबरच की ही! बिलकुल आपली!" पेपरातला मजकूर संपला की चाचा रंगात येऊन गोष्टी सांगायचा. त्यांत एक लबाड ससा होता, सुंगुरा नावाचा. तो सिंहाला रोज नव्यानं फसवायचा. गोष्ट कुठून आली, हेही वामन लिहून घ्यायचा, आईकडून का मावशीकडून, कुठल्या झाडाखाली. मला ते निव्वळ खूळ वाटे.

दर बैठकीच्या शेवटी चाचा एकच प्रश्न विचारायचा. "उसमें मेरे गाँव का नाम है क्या?" हैदरभाई पान दुमडत मान हलवायचे. वामन म्हणायचा, "आज नाही, चाचा. पुढच्या गठ्ठ्यात असेल." असं किती वर्षं चाललं असेल, देव जाणे. दात पडलेल्या त्या तोंडातून गावाचं नाव दर वेळी निराळंच बाहेर पडायचं. एका दुपारी वामननं त्याला समोर बसवून ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. म्हातारा रडकुंडीला आला. पण अखेर वामननं अक्षरांखाली स्वतःच्या खुणा, टिंबं, रेघा देऊन ते नाव कागदावर पकडलं आणि वाचून दाखवलं. चाचा उठून उभा राहिला. कुणीतरी हाक मारल्यासारखा दाराकडे बघत राहिला, असं हैदरभाई सांगतात. त्याच दिवशी वामननं त्याला शब्द दिला, की पेपरात तुझं गाव सापडो न सापडो, मी ते छापून आणीन.

तसा योगही आला. पुण्याच्या एका मासिकानं वामनचा 'आफ्रिकेतील वर्तमानपत्रे व लोककथा' हा निबंध मागवला. वामननं सगळे कागद एका कापडात बांधून देवासला माझ्या हवाली केले. "बापू, तुझ्या हातची साफ नक्कल हवी. संपादकाला माझं अक्षर बघून घेरी येईल." मी फुशारलो. दोन महिने सकाळी स्नान करून, दफ्तरात जायच्या आधी, पोथी लिहावी तसा लिहीत होतो.

आता देवासची गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. इथे एका गावात दोन राज्यं नांदतात, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याची एक बाजू त्यांची, एक आमची. अशा ठिकाणी एका कागदाच्या दोन प्रती जुळल्या नाहीत, किंवा एखाद्या शेताचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं, की वाद नातवंडांपर्यंत जातो. म्हणून ज्या म्हाताऱ्या कारकुनानं मला हे काम शिकवलं, त्यानं दोन गोष्टी माझ्या हाडात भिनवल्या होत्या. संशयित नाव गाळावं. आणि साफ नक्कल झाली की कच्चा खर्डा पाण्यात भिजवून त्याचा लगदा करावा, म्हणजे भांडायला दुसरी प्रत उरत नाही.

मी तेच केलं. दरबारचा कागद आणि मित्राचा कागद यांतला फरक माझ्या डोक्यात आलाच नाही. बाळबोधीत उतरवलेल्या त्या परक्या ओळी वाचकाला काय कळणार, म्हणून गाळल्या. शेवटच्या पानावर चाचाच्या गावाचं नाव होतं, वर दोनदा खोडलेलं, खाली टिंबं, रेघा. संशयित! मी तिथे रीतीप्रमाणे जागा कोरी सोडली आणि 'आफ्रिकेतील एका गावचा रहिवासी' असं सुबक वाक्य जुळवलं. मग खर्डा परसातल्या घंगाळात टाकला. कागदाला लवंगेचा वास येत होता, पाण्यात तो जास्तच दरवळला, हे मला स्पष्ट आठवतं.

नक्कल घेऊन धारला पोचलो तेव्हा मबरूकचाचाला जाऊन वीस दिवस झाले होते. ते मला दारातच कळलं. वामननं माझ्या हातातून वही घेतली आणि पहिलं पान सोडून थेट शेवटचं उघडलं.

"नाव कुठाय?"

"संशयित होतं, म्हणून..."

"बरं. खर्डा दे."

माझे हात रिकामे होते. त्याला आमच्या दफ्तराची रीत ठाऊक होती, मीच कधीतरी बढाई मारत सांगितली होती. तो हळूच खाली बसला. वहिनींनी पाणी आणलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. मग म्हणाला, "अक्षर मात्र सुरेख आलंय हो, बापू." त्यापेक्षा त्यानं मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

नाव त्याला आठवेना. कानात तीन आवाज होते, खात्रीचा एकही नाही. हैदरभाईंना विचारलं, तर त्यांना ते तिन्ही सारखेच वाटत. मला विचारलं. मी डोळे मिटून ते पान समोर आणायचा प्रयत्न केला. टिंबं दिसली, रेघा दिसल्या, नाव दिसलं नाही. जे लिहिलं ते हाताला आठवतं, जे गाळलं ते कुणालाच आठवत नाही. मासिकाची दोन पत्रं आली. मी म्हटलं, तेवढं सोडून निबंध छापू दे, बाकी सगळं तर आहे. वामन म्हणाला, "चाचाला शब्द नावाचा दिलाय, निबंधाचा नाही." त्यानंतर तो पेपर वाचायचा ते फक्त नावं शोधायला. झांजीबारला हैदरभाईंच्या भावाकडून चौकशा करवल्या, गावांच्या याद्या मागवल्या. सहा वर्षं! मला त्यानं एकदाही दूषण दिलं नाही. दिवाळीला गेलो की तसाच हसून म्हणायचा, "ये, बापू, यादी आली आहे, वाचून दाखव." मी एकेक नाव वाचायचो, तो कान देऊन ऐकायचा आणि मान हलवायचा. शेवटच्या दिवाळीला एका नावावर त्याचा चेहरा एकदम उजळला. ते मला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. पुन्हा. मग तो भिंतीला टेकला. "नाही रे," म्हणाला, "वाटलं होतं."

मी त्याचा अपराधी आहे. हे इथे छापून येतंय, याचा मला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो याचा, की दफ्तरात कुठल्याही कागदावर गावाचं नाव आलं की लेखणी अडते आणि मागून चाचाचा प्रश्न ऐकू येतो. भर दुपारी, दहा माणसं बसलेली असताना. मी मागे वळून बघतो. शेजारचे लोक आता विचारेनासे झाले आहेत.

तेराव्यानंतर मी हैदरभाईंच्या दुकानात गेलो. वामनच्या आजारपणात आलेली एक पेटी त्यांनी तशीच ठेवली होती. "मास्टरसाब के बिना कैसे फोड़ता, भिया?" दोघांनी मिळून फोडली. लवंगांचा तोच वास. अस्तराची पानं मी सरळ केली. एका पानावर अरबी अक्षरांतला रकाना होता. हैदरभाईंनी चश्मा लावला आणि मी न विचारताच ते मोठ्यानं वाचायला लागले, न कळता, पूर्वीसारखे. मी वामनचा बोरू घेतला आणि आवाज उतरवत गेलो. जिथे शंका आली तिथे टिंब दिलं, रेघ दिली, दोन तऱ्हांनी ऐकू आलं तर दोन्ही लिहिलं. एकही अक्षर गाळलं नाही. अर्थ सांगणारं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांच्याखालची ओळ कोरीच राहिली.

रकाना संपला. हैदरभाईंनी पान दुमडलं आणि थांबले. सवयीनं त्यांची नजर पोत्याकडे गेली, माझीही गेली.

"आज नाही, चाचा," मी म्हणालो.

पुढच्या गठ्ठ्यात असेल, हे म्हणायला माझी जीभ रेटेना.