डाव्या डोळ्याची बाहुली

गल्लीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. खोटे डोळे रंगवणं हा त्याचा धंदा, आणि मोजल्याशिवाय तो चहात साखरसुद्धा घालत नसे. तरुणपणी मात्र गडी वेगळा होता. एका वादकासाठी त्याने मनानेच टपोरा, मोठ्या काळ्या ठिपक्याचा स्वप्नाळू डोळा रंगवला. आठवड्याने वादक परत हजर. "अहो, लोक विचारतात, तुम्ही सारखे कशाला दचकता?" तेव्हा त्याने कानाला खडा लावला. मनाचं काही नाही, सगळं मापाचं.

म्हणून तर ती शिवणकाम करणारी बाई नवा डोळा बसवून महिनाही झाला नसताना पुन्हा दारात दिसली, तेव्हा त्याने आधी पट्टी शोधली. सोबत चार वर्षांची लेक, आईचा उजवा हात घट्ट धरून.

"रंग अगदी जुळतो हो," बाई म्हणाली. "पण ही डाव्या बाजूला येतच नाही. निजताना गोष्ट ऐकते तीही उजवीकडूनच. म्हणते, तो डोळा माझ्यावर रागावलाय."

मिलिमीटरने तिला दिव्याखाली बसवून पट्टी लावली. दोन्ही बाहुल्या, म्हणजे बुबुळांच्या मधले काळे ठिपके, तंतोतंत सारख्या. "यात चूक नाही," तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते पटेना.

कोपऱ्यात डोळ्यांना पॉलिश करत बसलेली त्याची थोरली बहीण म्हणाली, "दिवा मालव जरा."

"ताई, अंधारात मोजू कसं?"

"आयुष्यभर मोजलंस. दोन मिनिटं नुसतं बघ."

खिडकीतल्या मंद उजेडात बाईची खरी बाहुली हळूहळू मोठी झाली. खोटी बिचारी टाचणीच्या डोक्याएवढीच राहिली. मिलिमीटरने कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं तो प्रत्येकाला त्याच झगझगीत दिव्याखाली बसवत होता, आणि मोठी माणसं भिडेखातर गप्प राहत होती!

"गोष्ट सांगता तेव्हा उजेड कुठून येतो?"

"पलंगापाशी लहान दिवा आहे. पिवळा."

तो डोळे मिटून बसला. तो पलंग, तो दिवा, आईच्या तोंडाकडे बघणारी पोर, सगळं त्याने मनात उभं केलं आणि त्या उजेडातली बाहुली कागदावर काढली. मग वादक आठवला. पट्टी घेऊन त्याने ती थोडी लहान केली, भर उन्हात दचकल्यासारखी दिसू नये इतपत. डोळा तयार व्हायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्याला घास गोड लागला नाही.

नवा डोळा बसवला. लेकीने एकदा या डोळ्यात पाहिलं, एकदा त्या. निघताना आईने सवयीने उजवा हात पुढे केला. पोर वळसा घालून डावीकडे गेली, तिकडचा हात धरला आणि वर बघत म्हणाली, "चल ना, भूक लागलीय."

बाईच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. त्या दोघी गेल्यावर मिलिमीटर खुर्चीत बसला.

"किती ठेवलीस रे शेवटी बाहुली?" ताईने विचारलं.

"मोजली होती गं," तो म्हणाला, "पण आता आठवत नाही."