मर्दासारखा चाल

माझी चाल बाईसारखी आहे हे लोकांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पोरं मागून "अव माय" करून जायची, मी वळून एक शिवी हासडायचो, संपलं. खरी चीड यायला लागली ती, ज्याच्यावर जीव टाकला त्यानंच तेच सुरू केलं तेव्हा.

मी अकोल्याला कापडाच्या दुकानात होतो. लुगडं अंगावर कसं दिसेल हे गिऱ्हाईक बायांना दाखवायचं, तर आम्ही गडी माणसंच ते अंगावर घेऊन दाखवायचो. पदर खांद्यावर टाकायचा, निऱ्या बोटांत धरायच्या, मान जराशी कलती करायची. बाकीचे दोघं पोतं पांघरल्यासारखं पांघरायचे. माझ्यापुढून मात्र बाई लुगडं घेतल्याशिवाय उठत नसे. महाराष्ट्र नुकता झाला होता, त्या सुमारास अमरावतीचा एक ड्रिलमास्तर बहिणीच्या लग्नाच्या कपड्यांसाठी घरच्या बायांना घेऊन दुकानात आला. सोयरे अकोल्याचे होते. दणकट माणूस, पिळलेल्या मिशा. मी हिरवा शालू अंगावर घेतला आणि पाहतो तर बाया शालू पाहताहेत आणि हा मला. पुढच्या रविवारी एकटाच आला, रुमाल घ्यायला. अमरावतीत काय रुमाल मिळत नव्हते?

तिथून आमचं सुरू झालं. त्याला काय म्हणायचं, तो शब्द आमच्याकडे नव्हता. शिव्या होत्या, त्या आम्ही वापरत नव्हतो. कधी तो अकोल्याला यायचा, कधी मी अमरावतीला जायचो. दार लावलं की माझा हात हातात घेऊन बसायचा, सोडायचा नाही. दार उघडलं की याचं ड्रिल सुरू.

"हात कायले उडवतं बे? खिशात घाल."

"मान काहून वेळावतं? सरळ पाह्य."

"मिशा ठेव. अन् मर्दासारखा चाल, किती डाव सांगू?"

एकदा मी वैतागून विचारलं, "मंग मी तुले आवडलो तरी कायचा?"

"मले बाईच पायजे असती तं लग्न नसतं केलं काय?" तो म्हणाला. "मले मर्द पायजे."

घ्या! शालूत पाहून मागं लागलेला हा माणूस! डोकं भणभणायचं माझं. पण जीव अडकला होता, करतो काय. मिशा ठेवल्या. पोरं घरी गेल्यावर त्याच्या शाळेच्या मैदानावर त्याच्या शिट्टीच्या तालावर चाललो. दुकानाचे मालक म्हणाले, "काय झालं रे तुले? बाया भिऊन राहिल्या ना तुले."

हे सगळं कशासाठी, तर एका खोलीसाठी. अमरावतीला त्याच्या शाळेमागं एका काकांच्या घरात रस्त्याकडची खोली रिकामी होणार होती. ती दोघांनी मिळून घ्यायची, मी तिकडंच एखादं दुकान पाहायचं. बिनलग्नाचे दोन नोकरदार एका खोलीत राहतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रोज एकाच गंजात, एकाच पातेल्यात उकळलेला चहा दोघांनी प्यायचा, एवढंच मला पाहिजे होतं. पण काका माणूस पारखून घेणारे. त्यांच्या शेतात नवसाचे रोडगे होते, विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं जेवण. तिथं तुमच्या दोस्ताला घेऊन या, असं त्याला म्हणाले.

रोडग्यांचा स्वयंपाक आमच्याकडे गडी माणसं करतात, बाया फक्त जेवायला येतात. मला वाटलं, फावलं! कणीक मळण्यात माझा हात कोण धरतो! पण शेतात शिरण्याआधीच, धुऱ्यावर, बांधावरच यानं मला अडवलं. "कणकेले हात लावायचा नाही. तू लाकडं फोड."

आणि पाहतो तर काय, मोठमोठे मिशीवाले मांडी घालून कणकेचे गोळे करताहेत, वांगी चिरताहेत, एकमेकांच्या सुनांच्या चुगल्या करत खिदळताहेत, आणि मी एकटा उन्हात कुऱ्हाड चालवतोय! अख्ख्या शेतात मर्द दिसायची सक्ती फक्त मला. हाताला फोड आले. रागाच्या भरात लाकडं मात्र अशी फोडली की सगळे बघत राहिले.

जेवणं झाल्यावर काकांनी पाठीवर थाप मारली. "गडी कामाचा हाय. खोली तुमचीच समजा."

माझं काळीज सुपाएवढं झालं. तोच ते पुढं म्हणाले, "पर असा मर्द गडी बिनलग्नाचा काहून? माही भाची हाय धामणगावले. पाहून घ्या."

मी याच्याकडं पाहिलं. वाटलं, आता हा काहीतरी सांगून टाळेल. तर हा म्हणतो, "पाहू ना काका! काहून नाही?"

विहिरीमागं ओढत नेला त्याला. "येडा झाला काय बे?"

"अबे, चांगलंच हाय. तू बी कर, मी बी करतो. शेजारी शेजारी राहू."

"अन् आपलं?"

"आपलं काय? आपन दोस्त आहो ना." मग माझ्या मिशांकडं, घामेजलेल्या दंडाकडं पाहत हसला. "खरं सांगू? आता कुठं तू मले आवडाले लागला."

आता! मग इतके दिवस दार लावून हा कोणाचा हात धरून बसत होता? रडू येत होतं, आणि त्याच्यापुढं रडायचीही चोरी.

तसाच काकांकडं गेलो. सगळे पानसुपारी खात बसले होते. हात उडत होते, मान हलत होती, आवाज चिरकत होता, काही म्हणून आवरलं नाही. म्हटलं, "काका, मले लग्न नाही करायचं. तुमच्या भाचीसंग नाही, कोनासंगच नाही. उगा एका पोरीचं वाटोळं कायले करू?"

दोघं-चौघं फिसकन हसले. काकांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "मंग खोलीचं बी राहू द्या." ते उठून गेले, आणि खोली गेली.

स्टँडपर्यंत तो सोबत आला. अकोल्याची बस लागली तेव्हा म्हणाला, "काही म्हन, पर मानलं तुले. तोंडावर नाही म्हन्लं. मर्दाचं काम केलं."

अस्सा संताप आला! इथंही तेच! अरे, ते मी केलं होतं. हात उडवत, डोळे पुसत, बाईसारखा उभा राहून मी केलं होतं. लोक मला हसत होते तेव्हा तो विहिरीमागंच थांबला होता, आणि तिथून हललासुद्धा नव्हता.