नाव कोणतंही टाका, शोभाच

हसू नका म्हणलं तरी तुम्ही हसणारच, तवा सांगूनच टाकतो.

मी तवा बदनापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचो. घरी आप्पांचा एकच हट्ट: डी.एड. कर, मास्तर हो. मी म्हणायचो, कॉम्प्युटरच करणार. शेवटी ठरलं, आप्पा अन् मामा एकदा क्लास बघतील, मंग काय ते सांगतील.

सरांनी नुकतीच जावास्क्रिप्ट शिकवल्ती. पहिला प्रोग्राम सोपा होता: नाव विचारायचं अन् नमस्कार म्हणायचं. पण माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर शोभा बसायची. मंग मी गुपचूप एक अट घातली. नाव शोभा असलं, तरच पडद्यावर यावं, 'शोभा, चहाला येती का?' बाकी दुनियेला नुसता नमस्कार. हाय का न्हाई डोकं?

'शोभा' लिहून पाह्यलं. बराबर चाललं. दुसरं नाव टाकून बघावं हे सुचलंच न्हाई. दुसरं नाव डोक्यात असतं तर सुचलं असतं ना!

आप्पा अन् मामा आले. सरांनी हौसेनं माझ्याच कॉम्प्युटरपुढं बसवलं. "बघा तुमच्या पोराचा पहिला प्रोग्राम. नाव टाका."

मामांनी एका बोटानं 'किशनराव' लिहिलं.

'शोभा, चहाला येती का?'

मामा चष्मा पुसून म्हणाले, "मला म्हणून राह्यला का हा?"

"सरका, तुम्ही चुकले असतान," म्हणत आप्पांनी आपलं नाव लिहिलं. पुन्हा तेच. आप्पा हळूच माझ्याकडं वळले. "गजा, ही शोभा कोण?"

शेजारची खुर्ची सरकली. शोभा उठून आली अन् प्रोग्राम उघडून बघाया लागली.

"काका, ह्यानं बरोबरचं चिन्ह एकदाच दिलं. त्यानं नाव तपासलं जात न्हाई, जो येईल त्याची शोभाच होती. तपासायला दोनदा द्यावं लागतं." तिनं एक चिन्ह वाढवलं. "आता टाका."

'नमस्कार, किशनराव.'

मामा खूश. शोभा मला म्हणाली, "अन् चहाचं तोंडानं विचारावं माणसानं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पाच बोलले, "चल पोरी, घेऊ चहा."

तिघं गेले. मला सरांनी बाकीच्या चुका शोधायला बसवलं.

परत आल्यावर आप्पांनी निकाल दिला. "लाईन बिलकुल चांगली हाय. पोरगी नाव काढील. तू डी.एड.चा फॉर्म भर."