साडेदहाची सुकती

मोरेश्वर गेल्याचं कळलं तेव्हा मी शहाडला मुलीकडे चहात बिस्किट बुडवत बसलेलो. आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं, "आपला मोरू गेला. झोपेतच." मी लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं, सगळ्यांत आधी माझंच. मग चहा संपवला. माझा निर्लज्जपणा जुना आहे आणि तो मोरूइतका कोणालाच ठाऊक नव्हता. दीड महिना झाला, आता तरी लिहायलाच हवं...

वागळे इस्टेटमधल्या एकाच कारखान्यात आम्ही तीस वर्षं काढली. मी ड्रॉइंगच्या टेबलावर, तो फिटर. मोरू ठाण्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातला. खाडीतली मासळी संपली, वडिलांनी होडी विकली आणि एकोणिसाव्या वर्षी त्याने हातात पाना धरला. पण पाणी काही डोक्यातून गेलं नाही. डबा खाताना मध्येच म्हणायचा, "आता भरती लागली बघ." आम्ही म्हणायचो, "लागू दे रे, तू जेव."

निवृत्तीनंतर त्याच्या कानावर आलं की एका क्लबला शिडाची होडी चालवायला आणि शिकवायला माणूस हवाय. मोरू हरखून गेला. अट एकच, सर्टिफिकेट. त्यासाठी पाच दिवसांचा कोर्स होता : मुंबई बंदरातून निघायचं, वाटेतल्या बेटांपाशी थांबत मुरूडपर्यंत जायचं आणि परत यायचं. "विलास, तू पन चल रे. इंग्रजी फॉर्म भरायला कोनतरी पायजे," म्हणाला. मी हौशीने गेलो. त्याला ते काम हवं होतं, मला फेसबुकवर टाकायला फोटो.

पहिल्या दिवशी खांदेरी बेट येईपर्यंत मी तीनदा ओकलो. मोरूने माझ्या शर्टाला मागून घट्ट धरून ठेवलेलं आणि तोंडात मिठातला आवळा कोंबलेला. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला शीड सोडायला शिकवलं. मी दोर नुसता खेचत होतो. "दोरीशी मारामारी नको करू. वाऱ्याला काय पायजे ते आधी बघ," म्हणाला. आमची कॅप्टन तिशीतली मुलगी होती, कडक आणि हुशार. तीही थांबून ऐकत होती.

रोज एका जोडीने भरती-ओहोटीचा हिशेब करून नांगर कुठे टाकायचा ते ठरवायचं. तिसऱ्या दिवशी पाळी आमची. मोरूने बोटं मोजली. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, ही त्याच्या वडिलांची रीत. "आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती झाली, म्हंजे साडेदहाला सुकती. आत नको शिरायला, बाहेरच नांगर टाकू." सुकती म्हणजे ओहोटी. मी खिशातून फोन काढला. घरून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाचे फोटो घेऊन ठेवलेले, त्यात साडेदहाला चक्क भरती होती. सगळ्यांसमोर म्हणालो, "मोरू, पंचांग बघून लग्नं लावतात, होड्या नाही चालवत!" कॅप्टन तेव्हा खाली केबिनमध्ये होती; बाकी सगळे खो खो हसले, आकडे कोणी ऐकलेच नाहीत. मोरूही हसला, म्हणाला, "बरं बाबा, तुझं खरं."

साडेनऊला आम्ही मुरूडच्या किनाऱ्याजवळ शिरलो. दहाला होडी वाळूत बसली आणि हळूहळू एका अंगावर कलली. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी फोन पुन्हा उघडून तारीख पाहिली. वाऱ्यामुळे कोर्स आठवडाभर पुढे ढकललेला, माझे फोटो आधीच्या तारखांचे होते. कॅप्टन आली. "हिशेब कोणी केला?"

मी फोन खिशात घातला आणि म्हणालो, "पंचांगावरून काढलेला."

मोरूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, नुसतं पाहिलं. मग तिला म्हणाला, "माझीच चूक. बोटं मोजताना चुकलो." ती म्हणाली, "काका, अशा अंदाजावर होडी हातात देता येणार नाही." तो नापास झाला, काम गेलं. मी पास झालो. सर्टिफिकेट काचेत घालून वर्तकनगरच्या घरी हॉलच्या भिंतीवर लावलं. गणपतीला मोरू आणि वहिनी आलेले, तेव्हा त्याने ते जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "काच चांगली बसवलीस." मी त्याला आणखी एक मोदक वाढला. आठ वर्षं मी मोदकच वाढत राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर मी कोळीवाड्यात गेलो. वहिनी सांगत होत्या, "अख्खा कोळीवाडा ह्याना नापास मोऱ्या बोलायचा. कोळ्याचा मानूस नि पान्यात नापास! भांडन झालं की मी पन तेच काढायची. गप बसायचे."

तिथे मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, फोनसकट. वहिनी म्हणाल्या, "मी पन हासायची हो त्याना..."

मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडर होतं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने भरतीची वेळ लिहिलेली, मोरूच्या बारीक अक्षरात. मी पानं उलटली. डिसेंबरपर्यंत सगळी भरलेली. पुढच्या षष्ठीला साडेचार. मी फोन काढून ताडून पाहिलं. पंधरा-वीस मिनिटांचा फरक, बस्स.

"वहिनी," मी म्हणालो, "वर्ष संपल्यावर हे मी नेऊ का? आठवण म्हणून."

त्यांनी उठून कॅलेंडर खिळ्यावर सरळ केलं.

"नको," म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर हाय ना तुमचं."