मामांचे स्कॉट

माझ्या मित्राच्या मामांइतका कडवा स्कॉट खुद्द स्कॉटलंडातही झाला नसेल, हे मी भरसभेत छातीठोकपणे सांगायला तयार आहे. सक्करदऱ्यात राहणारे, इतिहास शिकवून निवृत्त झालेले, कन्हान नदीपलीकडे क्वचित गेलेले मामा सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या लढाया 'आपण जिंकलो', 'आपण मार खाल्ला' अशाच सांगत. स्कॉटांचा राज्याभिषेकाचा दगड इंग्रजांनी उचलून नेला, हे सांगताना ते पाट्यावर असा हात आपटत की मामी पाटा जवळ ओढत म्हणत, "अहो, मले चटणी वाटू द्या पहिले!" एकदा भाल्यांचं रिंगण समजावायला त्यांनी आम्हा पाचजणांना हाती बांबू देऊन तलावाकाठी पाठीला पाठ लावून उभं केलं. समोरून म्हैस आली आणि आम्ही पळालो. मामा कडाडले, "पळता काहून बे? तिकडं घोडदळ येऊन राहिलं होतं, अन् तुम्ही म्हशीले भ्याले!"

पुढे मी वेगळ्या विदर्भाच्या चळवळीत पत्रकं लिहू लागलो. कन्हान गावातल्या सभेत मामांना भाषणाला मीच नेलं. शेजारी आमचे पुढारी. इथे मुंबईच्या नावाने बोटं मोडायची आणि तिथे मंत्रिपदासाठी खेटे घालायचे, हा त्यांचा उद्योग साऱ्या गावाला ठाऊक. मामा स्कॉटांच्या लढायांवर आले आणि म्हणाले, "आपल्याले इंग्रजानं नाही हरवलं. आपल्याच सरदारांच्या जहागिऱ्या दोन्हीकडे होत्या, त्यानं हरवलं." टाळ्या कडाडल्या आणि सगळ्या माना पुढाऱ्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मला हुकूम आला: मामांचा लेखी माफीनामा आण, नाहीतर चळवळीतून चालता हो. मी संतापून मामांना म्हणालो, "एक अक्षर लिहू नका!" त्यांनी कागद ओढून एक ओळ लिहिली, खाली सही केली. "तुले काम कराचं आहे ना? मंग ने. ते फक्त सही पाहतीन, मजकूर नाही." रस्त्यात मी वाचलं: 'मी कोणाचेही नाव घेतले नसताना ज्यांनी स्वतःला ओळखले, त्यांची मी क्षमा मागतो.'

असलं रत्न पुढाऱ्यांच्या फायलीत कुजू द्यायचं? मी त्याचं पत्रक केलं, ट्रेडल छापयंत्रावर छापलं आणि बाजारभर वाटलं. हकालपट्टी व्हायची ती झाली. तिची मला आजही लाज नाही. पत्रक घेऊन मोठ्या ऐटीत मामांकडे गेलो. त्यांनी ते वाचलं, छपाईतली एक वेलांटी दुरुस्त केली आणि चष्मा काढून हळूच म्हणाले,

"हे तुले वाचवासाठी लिहिलं होतं गा, लढासाठी नाही."