पानगळीतला सौदा

गुरुग्रामला आमच्या घरासमोर, सरकारी कडुलिंबाखाली एक इस्त्रीवाला उभा असतो. बोटांनी पाणी शिंपडतो, कोळशाची इस्त्री फिरवतो, मान वर करत नाही. त्याच झाडाची सावली दुपारभर माझ्या छतावरच्या सोलर पॅनलवर पडते. छाटणीची परवानगी मिळेना. शेवटी त्याला म्हटलं, फांद्या धोक्याच्या आहेत असं लिहून दे, घरचे सगळे कपडे इस्त्रीला तुलाच.

खाली बघतच तो म्हणाला, "साहब, पैनल आपने पतझड़ में लगवाए। पेड़ तब नंगा था, मरा नहीं था।"

पॅनलवाल्याला मी घासाघीस करून रडकुंडीला आणलं होतं. झाडाकडे मात्र पाहिलंच नव्हतं. डोकं फिरलं. त्याच्या हाताखालचा माझा अर्धवट इस्त्रीचा शर्ट हिसकावून आणला. दुसऱ्या दिवशी तोच घालून, एक बाही कडक, दुसरी चुरगळलेली, तणतणत त्याच्यासमोरून गेलो.

तेव्हा पहिल्यांदा त्याने मान वर केली.